धुतलेला नको

आमच्या जुन्या नाटकवाल्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. सकाळी देव, दुपारी कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन आणि संध्याकाळी जुने फोटो, असा त्याचा दिवस असतो. दिवाळीनंतर कुणीतरी एक फोटो टाकला. दादरच्या थिएटरच्या मागच्या दाराशी आम्ही काही जण चहा पितोय आणि कडेला नंदू तळवडेकर उभा आहे. सगळ्यांचे चेहरे स्वच्छ आलेत, नंदूचा तेवढा हललाय. खाली एकाने लिहिलं, 'एवढा गुणी नट. पण चालून आलेला मोठा सिनेमा स्वतःच नाकारला. पायावर धोंडा पाडून घेतला.' त्यावर रडक्या तोंडांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली.

नंदूने तो सिनेमा नाकारला नव्हता. हे मला माहीत आहे आणि नंदूला माहीत आहे. तो कधी बोलला नाही. मी सत्तरी ओलांडली, गिरगावात एकटा राहतो आणि आता बोलल्यावाचून सुटका नाही. पण आधी नंदू कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला पटणार नाही.

मी एका नाटक कंपनीचा व्यवस्थापक होतो. थिएटरच्या तारखा मिळवायच्या, बस ठरवायची, नटांना वेळेवर उभं करायचं. सगळे मला आप्पा म्हणत. नंदू आमच्याकडे दुसऱ्यांच्या जागी उभा राहायचा. एखादा नट आजारी पडतो, एखाद्याला मालिका मिळते, एखादा भांडून जातो. जाहिरात लागलेली असते, प्रयोग थांबवता येत नाही. मग त्याच्या जागी दुसरा उभा करायचा, त्याला आम्ही रिप्लेसमेंट म्हणतो. बहुतेक नट या कामाला नाक मुरडतात. लोकांच्या मनात पहिलाच नट बसलेला असतो आणि दुसरा सगळा वेळ त्याची उणीव होऊन वावरतो. नंदूचं तसं कधी झालं नाही. तो उभा राहिला की लोकांना पहिला आठवायचा नाही, कारण पहिलाच समोर आहे असं त्यांना वाटायचं.

तो घोडपदेवला आईबरोबर राहायचा. सकाळी खांद्याला भलीमोठी बॅग लावून अंधेरीला ऑडिशनला जायचा. बॅगेत इन्स्पेक्टरचा खाकी शर्ट, डॉक्टरचा पांढरा आणि नवरीच्या बापाचा झब्बा. तिथे रांगेत उभं राहायचं, दोन वाक्यं बोलायची आणि दुपारच्या प्रयोगाला धावत दादर गाठायचं. केसांना लावलेली पांढरी पावडर अर्धवट पुसलेली असायची.

"अंधेरीला बाप होतो, दादरला मुलगा व्हायचंय," तो म्हणायचा. "माहीमच्या आसपास कुठेतरी वय उतरतं, आप्पा."

ऑडिशनचं त्याचं कधी जमलं नाही. तिथे आधी कॅमेऱ्यासमोर स्वतःची ओळख करून द्यावी लागते. नाव सांगा, उंची सांगा, डावीकडे वळा, उजवीकडे वळा. त्यातच तो अडकायचा. एकदा येऊन म्हणाला, "आज मी माझं नाव सांगितलं, तर ती पोरगी म्हणते, सर, थोडं नॅचरल बोला ना."

आम्ही खूप हसलो. तोही हसला, पण त्याच्या हसण्याला किंचित उशीर व्हायचा. आधी आमच्यापैकी कोण कसं हसतंय ते बघून घ्यायचा, असं मला पुढे वाटू लागलं.

त्याची कामाची पद्धत आमच्या कपडेपटवाल्या रघूला मुळीच आवडायची नाही. रिप्लेसमेंट आली की रघू आधीच्या नटाचे कपडे धुऊन, इस्त्री करून नव्याला द्यायचा. नंदू म्हणायचा, "धुतलेला नको."

"अरे, वास मारतोय," रघू म्हणायचा.

"मारू दे. वाक्यं कुणाचीही पाठ होतात. माणूस कपड्यात राहतो रे. तू त्याला साबणाने घालवतोस."

"हा नट नाही, डास आहे," रघू मला सांगायचा. "घामाच्या वासावर येतो."

नंदू तो शर्ट घालून मेकअप रूमच्या कोपऱ्यात, आरशाकडे पाठ करून बसायचा. तालमीही फार मागायचा नाही. थोड्या वेळाने उठायचा तेव्हा खांदे बदललेले असायचे. त्याची आई मालवणची. एकदा मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा भाकरी थापता थापता सहज म्हणाली, "हो घराक येता तेव्हा कोण इलो तां आदी बघूचा लागता." मी हसलो. ती हसली नाही.

आमच्या एका नाटकात वसंतराव नावाचे ज्येष्ठ नट वडिलांचं काम करायचे. ते अचानक गेले. नाटक जोरात चाललं होतं, म्हणून नंदूला घेतलं. त्या भूमिकेचा खादीचा झब्बा बटण लावायला म्हणून वसंतरावांनी घरी नेला होता. मी आणि नंदू गिरगावात त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी, कुमुदताई, झब्बा घेऊन बाहेर आल्या.

"तसाच राहिलाय," त्या म्हणाल्या. "थांबा, धुऊन देते."

"नको," नंदू म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

पहिल्या प्रयोगाला कुमुदताईंना आम्ही मानाने बोलावलं. मध्यंतरात त्या मेकअप रूमपाशी आल्या. मला वाटलं, रडतील. त्या नुसत्या नंदूकडे बघत होत्या.

"तुम्ही खुर्चीत बसायच्या आधी खुर्चीवर हात आपटलात," त्या म्हणाल्या. "दोनदा."

"आपटला का?" नंदू म्हणाला.

"आमच्याकडे पूर्वी मांजर होतं. त्यांच्या खुर्चीत झोपायचं. त्याला उठवायला ते असा हात आपटायचे. मांजर गेलं तरी सवय राहिली." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पण ते घरी हो, आप्पा. नाटकात कधी केलं नाही त्यांनी. तुम्ही सगळे प्रयोग पाहिलेत. केलं का कधी?"

खरंच केलं नव्हतं. नंदू त्यांच्या घरी झब्बा आणायला गेलो तेव्हा पहिल्यांदाच, तोही उंबऱ्यापर्यंतच आला होता.

त्यानंतर कुमुदताई प्रत्येक प्रयोगाला येऊ लागल्या. शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. एके दिवशी मात्र नंदूने मला बाजूला घेतलं. चेहऱ्यावरचा रंग तसाच होता.

"आप्पा, त्या बाईंना सांगा, येऊ नका."

"का रे? बिचारीला बरं वाटतं."

"प्रयोग संपला की माझे पाय त्यांच्या जिन्याकडे वळतात. काल अर्ध्या जिन्यापर्यंत गेलो होतो. खिशात किल्ली शोधत होतो."

मी कुमुदताईंना जमेल तसं सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. फक्त झब्बा मागितला. मी तो आणून दिला तेव्हा त्यांनी तो नाकाशी धरला, घडी केली आणि म्हणाल्या, "आता धुते." पुढच्या प्रयोगाला नंदू नवा झब्बा घालून उभा राहिला. काम नीट केलं, पण खुर्चीवर हात आपटला नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "कसला हात?"

असा हा माणूस. त्याला एकदाच स्वतःच्या अंगाने काही मिळालं, ती गोष्ट आता सांगतो.

एका सिनेमाच्या दिग्दर्शकाने त्याला आमच्या नाटकात पाहिलं आणि लोअर परळला बोलावून घेतलं. जुन्या गिरणीच्या आवारात त्यांचं काचेचं ऑफिस होतं. त्याच गिरणीत नंदूचे वडील साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. नंदू नेहमीची बॅग घेऊन गेला. दिग्दर्शकाने बॅग बाहेर ठेवायला सांगितली. ना ओळख विचारली, ना वाक्यं दिली. समोर जेवणाचं ताट ठेवलं आणि म्हणाला, जेवा. एवढीच ऑडिशन.

नंदू तिथून थेट थिएटरवर आला. इतका बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"मी जेवलो, आप्पा. भात कालवला, आमटी जास्त झाली, पुन्हा भात घेतला. सगळे गप्प बघत होते. अंगावर कुणाचाच शर्ट नव्हता. माझाच होता. आईने काल धुतलेला." मग म्हणाला, "मला वाटतं, मी असा जेवतो."

आणखी दोनदा बोलावणं आलं. मुख्य भूमिका होती, गिरणी कामगाराच्या मुलाची. आता फक्त त्यांच्या फोनची वाट बघायची होती. नंदूने तो नंबर 'लोअर परळ' या नावाने ठेवला होता.

आमच्या कंपनीत एक शिस्त होती. एकदा ऐन मरणाच्या प्रसंगात एका नटाच्या खिशात मोबाइल वाजला आणि प्रेत दचकलं. तेव्हापासून मी नियम केला की दुसरी घंटा झाली की सगळ्यांनी आपापला फोन माझ्या कापडी पिशवीत टाकायचा. मी ती पिशवी मांडीवर घेऊन मेकअप रूमबाहेरच्या पॅसेजमध्ये बसायचो.

रविवारचा दुपारचा प्रयोग होता. तिसरा अंक चालू होता. आमच्या मुख्य नटाची पाठ धरली होती, त्याच्या जागी नंदू होता, आणि पुढच्या आठवड्यात कोकण-गोव्याचा दौरा नंदूच्याच भरवशावर लावला होता. सगळीकडे नाटक हाऊसफुल्ल होतं. पिशवीत फोन थरथरला. काढून पाहिला. लोअर परळ.

"नंदू सर?" एका मुलीचा आवाज.

नंदू प्रयोगात आहे, तासाभराने करा, एवढंच म्हणायचं होतं. भिंतीपलीकडे नंदू बोलत होता, लोक हसत होते.

"हो, बोलतोय," मी म्हणालो.

"सर, अभिनंदन. रोल तुमचाच. फक्त तारखा अलीकडे आल्यात. पुढच्या सोमवारपासून लागाल तुम्ही. जमेल ना?"

नेमका दौरा.

"नाही जमणार."

"सर, प्लीज विचार करा ना. डायरेक्टर सर समोरच बसलेत. दुसरं नाव तयार आहे, मला आत्ताच सांगायचंय त्यांना."

"नाही जमणार, बाई. माझे प्रयोग आहेत."

फोन ठेवला तेव्हा माझ्या हातात शर्टाचं दुसरं बटण होतं. बोलताना पिळून पिळून मी ते तोडलं होतं. निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. मी उभ्या आयुष्यात कधी रंगमंचावर पाऊल टाकलं नाही, मला साधी नक्कल येत नाही. पण तो आवाज माझा नव्हता. मी काढला नाही, तो निघाला. मग मी फोनमधली त्या कॉलची नोंद पुसली.

प्रयोग संपल्यावर नंदूने हात पुढे केला. "कुणाचा फोन?"

"नाही रे."

मी कंपनीसाठी केलं, असं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की नंदू गेला असता तर माझी झोप उडाली असती. तो होता म्हणून मला कुणाच्या आजारपणाची, कुणाच्या नखऱ्यांची, कुणाच्या मरणाचीसुद्धा भीती वाटत नव्हती. असा माणूस हातचा कोण सोडतो?

दौऱ्यावर सावंतवाडीच्या अलीकडे बस चहाला थांबली होती. नंदू जरा लांब जाऊन फोन करून आला आणि माझ्या शेजारी बसला.

"आप्पा, गंमत ऐका. त्यांनी दुसऱ्याला घेतलं. मीच नाही म्हणालो म्हणे."

मी चहात बघत राहिलो.

"ती पोरगी म्हणते, सर, आवाज तुमचाच होता." त्याने चहाचा घोट घेतला. "असेल. मला कुठे माहितीय माझा आवाज."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या खुंटीवरचा, त्या रविवारपासून न धुतलेला माझा चौकड्यांचा शर्ट दिसेना. रघूला विचारलं.

"नंदूने नेला की. आप्पांनी सांगितलंय म्हणाला. मी म्हटलं, घामट आहे, बटण तुटलंय, धुऊन शिवून देतो. तर म्हणाला, नको."

त्या दुपारच्या प्रयोगात मी विंगेत उभा होतो. नंदूने नाटकातला कोट घातला होता आणि कोटाच्या आत माझा शर्ट. नायिका त्याला घर सोडून जाऊ नको म्हणून विनवत होती आणि नंदू समोरच्या रांगा मोजत होता. उजव्या हाताचं बोट मांडीवर किंचित हलवत, मी मोजतो तसं. मग त्याने मनगट बघितलं. मनगटावर घड्याळ नव्हतं. नायिका म्हणाली, "बोल ना, राहशील ना?"

इथे नायक 'राहीन' म्हणतो आणि पडदा पडतो. नंदूचे ओठ हलले. दुसऱ्या बटणाच्या जागी त्याची बोटं रिकामा दोरा पिळत होती.

"नाही जमणार," तो म्हणाला.

माझ्या आवाजात. लोक हसले, त्यांना तो विनोद वाटला. पडदा पाडावा लागला. आत आल्यावर तो रागावलेला नव्हता. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "आप्पा, हा उतरत नाही."

उरलेला दौरा त्याने कसाबसा केला. दर प्रयोगाला कुठेतरी तो हिशेबी नजरेने रांगा मोजायचा, कुठेतरी वाक्य तुटायचं. मुंबईला आल्यावर त्याने काम सोडलं. पुढे कुणाकडेच उभा राहिला नाही. सिनेमा नाकारल्याच्या पश्चात्तापाने खचला, असं लोक म्हणू लागले. मी मान डोलवायचो. शर्ट त्याने परत दिला नाही. मी मागितला नाही.

तो फोटो आला तेव्हा मी चौकशी केली. नंदू हिंदमाताला एका साडीच्या दुकानात आहे असं कळलं. एका दुपारी गेलो. उघड्या दाराशी थांबून पाहिलं, तो गादीवर उभा राहून गिऱ्हाइकाने रंग जुळवायला आणलेली जुनी पैठणी खांद्यावर टाकून दाखवत होता. साड्यांच्या दुकानात पुरुषच पदर घेऊन दाखवतात, त्यात नवल नाही. पण समोरच्या म्हाताऱ्या बाईने तोंडाला हात लावला होता आणि तिची सून तिला विचारत होती, "आई, काय झालं? कुणासारखे दिसतात?"

पदराखाली त्याच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता. विटलेला, कॉलरला फाटलेला. दुसरं बटण अजून नव्हतं.

गिऱ्हाईक गेल्यावर मी चपला काढून आत गेलो.

"या आप्पा," तो म्हणाला. मी बोलतो तसा, वाक्याच्या शेवटी जरा दमून. "कुणासाठी दाखवू?"

"नंदू, त्या दिवशीचा फोन..."

त्याने हात वर करून मला थांबवलं. साडीची घडी घालता घालता मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाला, "हो, बोलतोय." मग थोडा वेळ काहीच नाही, पलीकडचं कुणी बोलत असावं तेवढा. "नाही जमणार." पुन्हा तेवढाच वेळ. "नाही जमणार, बाई. माझे प्रयोग आहेत."

त्या फोनच्या वेळी तो भिंतीपलीकडे लोकांना हसवत होता. पॅसेजमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"डोळे मिटले होते ना?" त्याने विचारलं.

मी आठवून पाहिलं. मिटले होते.

"तेवढंच नक्की होत नव्हतं," तो म्हणाला. "शर्टातून डोळ्यांचं कळत नाही."

"मी सगळ्यांना सांगतो, नंदू. ग्रुपवर सांगतो. मी केलं म्हणून सांगतो."

"एवढंच सांगा की मी नाही म्हणालो नव्हतो. आई जाईपर्यंत तेच विचारत होती. मेल्या, नाय कित्याक म्हटलंस. मला सांगता येईना. मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मी म्हणालो."

मग त्याने शर्ट काढला. आत पांढराशुभ्र बनियन होता. साडीसारखी बेताची घडी केली आणि दुकानाच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

"धुतलेला नाही," तो म्हणाला.

बाहेर येऊन काचेतून वळून पाहिलं. तो बनियनवर उभा होता, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. ते उभं राहणं मी कुठे पाहिलेलं नव्हतं. कुणाचंच नव्हतं. एवढं मात्र बरं वाटलं.

घरी येऊन शर्ट खुर्चीवर ठेवला. दोन दिवस तिथेच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तो घातला. का, ते सांगता येत नाही. तो शेवटी माझाच होता. घातल्यावर धीर आला आणि म्हटलं, आता सांगून टाकावं. टाइप करायला बोटं कापतात, म्हणून ग्रुपवर बोलूनच पाठवलं. "मी आप्पा. नंदूने सिनेमा नाकारला नव्हता. त्याच्या फोनवर मी बोललो. नाही ते मी म्हणालो." इतकं सरळ, न अडखळता मी आयुष्यात बोललो नसेन.

रघूचं उत्तर लगेच आलं.

'नंद्या, किती वर्षांनी आवाज ऐकला रे तुझा. पण आप्पांचा फोन तुझ्याकडे कसा? आप्पा बरे आहेत ना?'

त्याखाली दुसरा, तिसरा. सगळे नंदूची विचारपूस करत होते. मी आपलाच निरोप पुन्हा लावून ऐकला. मग शर्ट काढला, खुंटीला अडकवला आणि वही घेऊन बसलो. अक्षर तरी माझं आहे. रघू ते ओळखतो.

नंदू तळवडेकर नाही म्हणाला नव्हता. मी म्हणालो होतो. आता शर्ट भिजवतो.